दोघांच्या वजनाची मोटर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेवंताबाईंना स्वतःच्या सायकलीवरून माहेरी नेणार, असं चुडामणभाऊ अख्ख्या भडगावात सांगून बसले होते. मेहुणा मोतीलाल दर वर्षी बैलगाडी घेऊन यायचा आणि बहीण गाडीत बसली की म्हणायचा, "दाजी, तुमची सायकल घडी होऊन फडताळात बसते. माझ्या बहिणीला मात्र बसवत नाही." यंदा भाऊंनी त्याला निरोपच धाडला, गाडी जुंपू नको.

सायकल घडीची, पण गुडघे पन्नाशीचे. म्हणून भाऊ जळगावला पितांबर मिस्त्रीकडे गेले. कुलरच्या मोटरी भरता भरता त्यानं चाकाच्या मधोमध बसणारी, बॅटरीवर चालणारी मोटर जमवली होती. एक लहान, एक मोठी. दोघांचं मिळून वजन सव्वाशे किलोच्या आत असेल तर लहान न्या, तो म्हणाला. वर असेल तर मोठी, पण मग सायकल घडी व्हायची नाही. आणि घडी हाच तर भाऊंचा सगळा तोरा.

वजनासाठी भाऊ शेवंताबाईंना घेऊन जिनिंगवरच्या उखर्डू मापाड्याकडे गेले. तीस वर्षं कापूस तोलणारा हात. काटा एकशे एकतीसवर ठरला. उखर्डूनं सवयीनं बारदानाचे कापले, ओलाव्याचे कापले आणि चिठ्ठीवर लिहिलं, एकशे बावीस.

"भर वैशाखात माणसात कसला ओलावा?" भाऊंनी विचारलं.

"वहिनी माहेरी चालल्यात ना. असतो."

भाऊंना ते पटलं. लहान मोटर येणार म्हणून जरा जास्तच पटलं.

आखाजीच्या दिवशी सपाट रस्त्यावर सायकल अशी निघाली, जशी उतारावरून सावली. शेवंताबाई मागे बसून झोक्यावरचं गाणं गुणगुणत होत्या. गिरणेच्या पुलाच्या चढावर मोटरीचा सूर आधी उतरला, मग बसला. भाऊ उतरले की ती चालायची, बाई उतरल्या तरी चालायची. दोघं बसले की थांबायची.

लेकीनं धुळीच्या पायांनी माहेरच्या वेशीत शिरायचं आणि ते मोतीलालनं बघायचं, हे भाऊंना सोसणारं नव्हतं. शेवंताबाई लहानपणी भावाची सायकल चोरून चालवायच्या, हे लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर त्यांना त्या चढावर कळलं. मधला दांडा नसल्यानं लुगड्याचीही अडचण नव्हती.

"हे दाबलं की चालते, हे दाबलं की थांबते," भाऊंनी दाखवलं. "वेशीपाशी थांब. तिथून मी पुढं बसतो, तू मागे."

"बरं," म्हणत त्या पूल ओलांडून गेल्या.

तासाभरानं भाऊ वेशीत पोचले. तिथं कोणीच नव्हतं. निंबाचा झोका रिकामा हलत होता. गावच्या साऱ्या लेकीबाळी मोतीलालच्या दारापुढं सायकलीवरच्या फेरीसाठी रांगेत उभ्या. म्हातारी सासू उंबऱ्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला लेक एकटी आल्याचं कौतुकानं सांगत होती, "मनी पोर एकलीच उनी. मोटरवर."

मोतीलालनं दाजींना पाहिलं, पण टोमणा मारायला त्याला सवड नव्हती. तो बायकोसाठी रांगेत जागा धरून उभा होता.

भाऊंनी कपाळ पुसलं. "शेवंता, वेशीपाशी थांबायचं ठरलं होतं."

"थांबले होते हो," सीटवरून न उतरता त्या म्हणाल्या. "पण मागे बसायचं काही मनात येईना."