यादोरावांची स्टेपनी

आमच्या गल्लीतले यादोराव काकाजी जन्मभर बिजली विभागात लाईनमन होते, आणि त्यांचा बिजलीवर काडीचा भरोसा नाही. तरी रिटायर झाल्यावर त्यांनी चारचाकी घेतली ती बिजलीवर चालणारी. ती दारात आली त्याच आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून तिच्या पाठीला लोखंडी स्टँड लावून घेतला आणि त्यावर सायकल बांधली.

"पाहुणा जात नाही अन् बिजली राहत नाही," ते म्हणायचे. "मी दोघाइच्याही भरोशावर बसत नसतो. सायकल सोबत असली का घरी येता येते."

गाडी एवढीशी. दोन माणसं आणि एक पिशवी आली, की भरली. मागे आडवी बांधलेली सायकल दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर यायची, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला सायकलच गाडीला ढकलत आणत असावी असं वाटे. हँडलला लाल फडकं. गाडीला आवाज मुळीच नाही, पण ब्रेकर आला की सायकलची घंटी आपोआप वाजायची आणि लोक पुढून कोण आलं म्हणून पाहायचे.

त्यातही ती लेडीज सायकल.

"काकाजी, लेडीज काहून घेतली?" मी एकदा विचारलं.

"दांडा नसते तिले. तेवढं वजन कमी," ते म्हणाले आणि फडकं घेऊन काच पुसायला लागले.

एकदा पांढुर्ण्यात एका हवालदारानं त्यांना थांबवलं. सायकलीमुळे गाडीचा नंबर दिसत नव्हता. "ये क्या है, काकाजी?"

"स्टेपनी है, साब."

हवालदाराला हसू आवरेना, म्हणून सुटले. दुसऱ्या दिवशी काकाजींनी टिनाच्या पत्र्यावर गाडीचा नंबर रंगवून सायकलीला टांगला. "आख्या सौसर गावात नंबरवाली सायकल माझीच," असं चार लोकांत सांगून आले. तेव्हापासून त्यांचं नाव स्टेपनी काकाजी पडलं. लहान पोरंही तसंच म्हणत. त्यांनी कधी राग धरला नाही. उलट पोरांनी हाक मारली की हॉर्नऐवजी खिडकीतून हात काढून ओळख देत. हॉर्नले बी बिजली लागते, हे त्यांचं कारण.

माझ्या मावसभावाचं लग्न पांढुर्ण्याला होतं, तेव्हा मी त्यांच्या गाडीत गेलो. काकाजींच्या पत्नी पंचफुला काकूंनाही निमंत्रण होतं, पण त्या आल्या नाहीत. काकू मुळातच कमी बोलणाऱ्या, आणि त्या वर्षी तर त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. मंदिरातसुद्धा दिसत नसत. मी विचारलं तर काकाजी एवढंच म्हणाले, "गर्दी नाही सोसत तिले."

रस्ताभर त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या आकड्यावर जास्त. एसी बंद, गाणी बंद. बोलण्यानं बॅटरी उतरत नाही म्हणून ते तेवढं सुरू होतं. मांडवात पोचल्यावर वधूवरांना पाहायच्या आधी त्यांनी प्लगची जागा पाहिली. नवरदेवाच्या काकांना म्हणाले, "आमची गाडी उपाशी आहे जी." मग पंगतीच्या आधी गाडीला वाढलं गेलं. सगळा मांडव हसत होता, आणि काकाजी त्या हसण्यात मजेत जेवत होते.

मलाही ते तेवढेच वाटायचे. हसायला बरे, विक्षिप्त.

मग थंडीत एके सकाळी मी मोटरसायकलनं रामाकोन्याला निघालो होतो. मोठा रस्ता खोदून ठेवला होता, म्हणून संत्र्याच्या बगीच्यांमधल्या कच्च्या रस्त्यानं वळलो. तिथे पुढे काकाजींची गाडी दिसली. पायी चालल्यासारखी हळू चालली होती, आणि मागचा स्टँड रिकामा. माझ्या मनात आलं, अखेर कोणीतरी सायकल पळवली.

जवळ गेलो तशी खिडकीतून बाहेर आलेला हात दिसला. थांब, थांब, असा हलत होता. मी इंजिन बंद केलं. मग दिसलं. गाडीच्या थोडं पुढे पंचफुला काकू सायकल चालवत होत्या. अंगात पंजाबी ड्रेस, पायात बूट, डोक्यावर काकाजींचं लाईनवरचं पिवळं हेल्मेट. हँडल डुलत होतं, पण चाक चालू होतं.

काकू वळणाआड गेल्यावर काकाजी खाली उतरले. कुजबुजल्यासारखं बोलले, "तिले माहीत नाही मी मागं आहो म्हणून. मी तिकडं बाभळीखाली बसून आहो, असं समजून राहिली ते."

"काकू सायकल शिकून राहिल्या?"

"लहानपणापासून मनात होतं तिच्या. तिच्या भावाइले भेटली सायकल, तिले नाही. मी रात्रंदिवस खांबावर. मले कधी सुचलंच नाही." त्यांनी एकदा वळणाकडे पाहून घेतलं. "मागच्या वर्षी एक दिवस आपल्या गल्लीतच बसली सायकलवर. पडली. लोकं हासले. कोणी वाईट मनानं नाही हासलं, पण हासले ना. मग ते घरातून निघेचना."

मला तो दिवस माहीत नव्हता. तरी मान खाली गेली.

"म्हणून गल्ली उठाच्या आधीच मी सायकल गाडीवर टाकून तिले इकडं आणतो. आधी दोस्ताची पेट्रोलची गाडी मागितली होती. मागून घरघर आली का ते घाबरे अन् पडे. मग हे घेतली. हिचा आवाज नाही. पडली तं मी जवळच असतो."

"अन् बॅटरीचा भरोसा नाही, ते?"

"लोकाइले काही तं सांगा लागते," काकाजी म्हणाले. "हासाचंच असन तं माह्यावर हासा. मले सोसते."

एवढं बोलून ते घाईनं गाडीत बसले आणि मागे मागे नेत बाभळीकडे गेले, कारण काकूंची परत यायची वेळ झाली होती.

मी गल्लीत कोणाला बोललो नाही. पण काही दिवसांनी काकू फाटकात भेटल्या, तेव्हा राहवलं नाही. "काकू, सायकल चांगली चालवता तुम्ही."

त्या दचकल्या नाहीत. पदर सारखा करत म्हणाल्या, "तुम्ही पाह्यलं ते मले माहीत आहे. मोटरसायकल ऐकली मी. अन् ह्याइची गाडी रोजच मागं असते."

"पण तिचा तर आवाज नाही."

"आवाज नाही. पण सकाळी जातानी ऊन पाठीमागून येते ना. गाडीची सावली पुढं पडते, माह्या बाजूले." त्या पहिल्यांदाच हसल्या. "मी विहिरीवर थांबून पाणी पेतो, तवर हे गाडी मागं नेतात. जरा जास्तच थांबतो मी. ह्याइले रिव्हर्स जमत नाही चांगला. पण तुम्ही काही सांगू नका त्याइले."

मी कबूल केलं. आता दोघांचंही गुपित माझ्याकडे होतं.

संक्रांत झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी काकू सायकल घेऊन गल्लीतूनच निघाल्या. काकाजींनी गाडीची चावी हातात घेतली होती. काकू म्हणाल्या, "तुम्ही राहा घरी." शेजारच्या बाया ओट्यावर आल्या. कोणी हसलं नाही. एकीनं विचारलं, "पंचफुलाबाई, मले शिकवसान काय?" काकूंनी हो म्हणून मान हलवली, पण नजर समोरच ठेवली.

मग बराच वेळ काकाजी फाटकाशी उभे होते. मी दिसलो तसे म्हणाले, "बाजाराले एवढा टाइम लागते काय जी?"

"आत्ताच तर गेल्या, काकाजी."

त्यांनी पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. चावी या हातातून त्या हातात केली. मी त्यांच्यासोबत उभा राहिलो. शेवटी कोपऱ्यावर काकू दिसल्या, हँडलला दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या. काकाजी लगबगीनं आत गेले आणि चहा मांडला.