तक्ता क्रमांक सातनंतर

"गेल्या वर्षी तुमच्या विभागात किती वाचक आले?" मुख्य ग्रंथपाल साहेबांनी अहवालबाईंना विचारलं. आत डोकावणारे पुष्कळ होते. पण विभागाचं दार जिन्याच्या तोंडाशीच असल्यामुळे जो तो एवढंच विचारायचा, की स्वच्छतागृह कुठे आहे.

"येतात, साहेब. विचारपूस करतात," त्या म्हणाल्या.

"काय मागतात?"

खोटं बोलणं बाईंना जमत नसे आणि खरं बोलायची सोय नव्हती.

शासकीय माहिती विभाग असं त्या खोलीचं नाव होतं. सरकारी समित्यांचे अहवाल, जनगणनेचे खंड, राजपत्रं, नकाशे अशी आजवरची सगळी कागदी संपत्ती तिथे नांदत होती, आणि बाई बावीस वर्षं तिची राखण करत होत्या. त्यांचं खरं नाव ग्रंथालयात कोणाला आठवत नसे. अहवालबाई म्हटलं की काम भागायचं.

आता साहेबांना त्या खोलीत कॉफीचं यंत्र बसवायचं होतं. अहवाल तळघरात जाणार होते. तळघरात एक नळ बारा महिने ठिबकायचा, आणि तिथे गेलेले कागद परत येत नसत, आले तर लगदा होऊन येत. ग्रंथालय समिती वर्षाअखेरीला पाहणीला येणार होती. तोवर लोकांना अहवालांत रस आहे असं दिसलं तर खोली वाचेल, नाहीतर नाही.

"व्हिडिओ करा. हल्ली लोक जेवायचं कसं तेसुद्धा व्हिडिओत बघून ठरवतात," साहेब म्हणाले.

व्हिडिओ काढायला पुस्तकबांधणीवाले काका आले. त्यांचा हात स्थिर होता, पण जन्मभर कडा कापण्याची सवय, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात त्यांनी बाईंचं कपाळ छाटलं. दुसऱ्यांदा डोकं आलं, तर आवाज आला नाही. बाई कुजबुजत होत्या.

"जरा मोठ्यानं बोला ना, बाई."

"हे मोठ्यानंच आहे."

खरंच होतं ते. डोक्यावर 'शांतता राखा' ही पाटी घेऊन बावीस वर्षं बसलेल्या माणसाचा आवाज तिथे चढतच नाही. एकदा त्यांनी नेटानं सूर उंचावला, तर शेजारच्या दालनातून वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी 'शुक्' केलं आणि बाईंनी सवयीनं त्यांची माफी मागितली. शेवटी सांडपाणी समितीचा अहवाल त्यांनी कुजबुजतच समजावून सांगितला. किती जीव ओतला होता त्यांनी त्यात. गटारं कुठे तुंबतात, का तुंबतात, आणि समितीनं सांगूनही कोणी ऐकलं नाही म्हणून पुढे काय झालं, सगळं आलं होतं.

आठवडाभर तो व्हिडिओ बघणारे म्हणजे मुख्यतः बाईच होत्या, पुन्हा पुन्हा. आणि मग एका सकाळी आकडा हजारांत गेला. बाईंचे डोळे भरून आले. गटारांची कळकळ असलेली इतकी माणसं या जगात आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी खालचे अभिप्राय उघडले.

'तिसऱ्या मिनिटाला झोप लागली. देव तुमचं भलं करो.'

'गोळ्या बंद केल्या. आता फक्त बाई.'

'आमचं बाळ सांडपाण्याशिवाय झोपत नाही.'

बाईंनी कपाळाला हात लावला. तरी आशा चिवट असते. त्यांनी खाली लिहून विचारलं, की अहवालातला कोणता भाग उपयोगी वाटला. उत्तर आलं, 'अहवाल होता का?'

साहेब मात्र खुशीत होते. त्यांनी एक आलेख काढून आणला. चौथ्या मिनिटापर्यंत रेघ डोंगरासारखी चढलेली, आणि पुढे सपाट मैदान. पडद्यापुढे जागं असं कोणी उरतच नव्हतं. साहेबांना त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट लोकांची एकच तक्रार होती, व्हिडिओ संपला की जाग येते. तेव्हा दर आठवड्याला एक, आणि चांगला तासाभराचा, असा हुकूम निघाला.

बाई तासतासभर वाचू लागल्या. पाटबंधारे झाले, रस्ते झाले, जकात झाली. आता कॅमेरा तिपाईवर असायचा आणि काका त्याच्यामागे घोरायचे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं बाईंना रोज वाटायचं. घडा निदान घोरत तरी नाही.

धान्य गोदामांच्या अहवालात एक दिवस त्यांचा बांध फुटला. आवाज तोच, लय तीच. "तक्ता क्रमांक सात, उंदरांमुळे झालेलं नुकसान," त्या कुजबुजल्या, "आणि मला हे सगळं टाकून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. तक्ता क्रमांक आठ."

काही झालं नाही. व्हिडिओ लोकांपुढे गेला, लोक झोपले, आशीर्वाद आले.

मग बाईंना चटकच लागली. सुरुवातीचा अहवाल इमानेइतबारे वाचायच्या आणि एकदा मैदान लागलं की मन मोकळं करायच्या. नवरा घरी काही विचारलं तर 'हूं' म्हणतो, आणि नाही विचारलं तरी 'हूं' म्हणतो. साहेबांनी जनगणनेचा दुसरा खंड नेला तो वाचायला नव्हे, त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून; हे तर गोदामांच्याच तासात सांगून झालं होतं. आणि सासूबाई. सासूबाईंना कमी ऐकू येतं, घरात त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडायची तर बाईंची सवय गेलेली. त्यामुळे दोघींत वर्षानुवर्षं मोजकंच बोलणं. "रोज पहिला घास घेतात आणि म्हणतात, मीठ ठीक आहे. भाजी चांगली झाली असं नाही. मीठ ठीक आहे. जन्म गेला माझा त्या मिठात. तक्ता क्रमांक नऊ."

बोलून झालं की बाईंना हलकं वाटायचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीचा त्यांना काही उपयोग होत होता.

आणि मग तो अभिप्राय आला. नावाच्या जागी नुसतं फुलाचं चित्र. लिहिलं होतं, 'गोदामांच्या अहवालात तक्ता सातनंतर तुम्ही निघून जायचं म्हणालात. मग गेलात का? आणि तक्ता अकरा राहिला.'

बाईंनी अभिप्राय पुन्हा वाचला. कोणीतरी जागं होतं. शेवटपर्यंत.

व्हिडिओ पुसून टाकावेत तर पासवर्ड साहेबांकडे. त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. जुने व्हिडिओ काढून टाकू या, त्यात चुका आहेत, असं त्यांनी सांगून पाहिलं.

"कसल्या चुका?"

"तपशिलाच्या."

"ऐकतंय कोण?" साहेब हसले. टेबलाखालचा जनगणनेचा खंड बाईंना बसल्या जागेवरून दिसत होता. "आणि आता तर अजिबात नाही. समिती परवा येतेय. आपण त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवणार, तो गोदामांचा. पूर्ण तास."

बाईंना वाटलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय वेगळं असतं. कॉफीचं यंत्र परवडलं असतं.

समिती आली, दिवे मालवले, पडद्यावर बाई कुजबुजू लागल्या. खऱ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि ज्या झोपेनं त्यांच्या कामाची माती केली तिचाच धावा करत होत्या. दुसऱ्या मिनिटाला एका सभासदाची मान कलली. तिसऱ्याला अध्यक्ष गेले. साहेब यजमान, ते नेटानं जागे राहिले. त्यांनी स्वतःला चिमटे काढले, चहा मागवला, उभे राहिले, उभ्याउभ्या डुलले. तक्ता क्रमांक सहा आला. बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब खिडकीच्या कठड्याला डोकं टेकून बाळासारखे झोपले होते, आणि पडदा त्यांच्या टेबलाच्या पायाविषयी बोलत होता.

तास संपल्यावर सगळे जागे झाले. अध्यक्षांचा चेहरा टवटवीत झाला होता. इतकी शांत झोप आपल्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. समितीनं तिथल्या तिथे ठरवलं, की ही खोली लोकांच्या सेवेतच राहावी, कॉफीचं यंत्र नको, कॉफीनं झोप उडते. तिथे आरामखुर्च्या टाकाव्यात आणि बाईंचे व्हिडिओ ध्वनिक्षेपकावर लावावेत. फक्त खुर्च्यांना जागा व्हावी म्हणून अहवाल तळघरात न्यावेत.

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

"तुमचा आवाज वर आहेच की," साहेब म्हणाले. "तुम्ही खाली बसा."

गठ्ठे दुपारीच खाली गेले आणि आरामखुर्च्याही आल्या. संध्याकाळी बाई घरी आल्या त्या रडायच्याच बेतात. सासूबाई पाय लांब करून गुडघ्याला शेक देत बसल्या होत्या. कानात मुलानं जुनी गाणी ऐकायला घेऊन दिलेली बोंडं, मांडीवर फोन, फोनवर फुलाचं चित्र.

बाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांना काय वाटलं हे सांगायला कुठल्याच समितीपाशी तक्ता नाही.

सासूबाईंनी बोंडं काढली. "मीठ ठीक आहे म्हणजे मीठ ठीकच असतं गं," त्या त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "टोमणा नसतो तो. माझ्या हातानं मीठ कधी नीट पडलंच नाही. तुझ्या हातचं कधी चुकत नाही, याचं नवल वाटतं मला."

बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "सगळं ऐकलंत, आई?"

"काय?"

"सगळं ऐकलंत का?"

"हो. तू इतकं हळू बोलतेस, की जीव कानात आणून बसावं लागतं. झोप कसली लागतेय." त्यांनी पाय खाली घेतले. "माझा राग येतो तुला, ते कळलं. येऊ दे. पण घरी कधी इतकं बोलली नाहीस, म्हणून मी सगळे ऐकले. गटारांचा दोनदा. ती समिती बरोबर सांगत होती. उद्या मला तिकडे घेऊन चल."

"आता तळघरात गेलंय सगळं. पायऱ्या आहेत."

"असू देत. एकेक उतरेन."

दुसऱ्या दिवशी सासूबाई सुनेच्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरल्या. तळघरात नळ ठिबकत होता, गठ्ठे अजून सोडलेले नव्हते. वरच्या खोलीत आरामखुर्च्या भरल्या होत्या आणि बाईंचाच आवाज जिन्यावरून खाली झिरपत होता. सासूबाई एका गठ्ठ्यावर बसल्या आणि त्यांनी आधी सांडपाण्याचा अहवाल मागितला. बाईंनी तो काढून दिला. असं कोणी काही मागण्याची त्यांना इतकी सवय नव्हती, की देताना त्यांनी उगीच दोनदा पुसला.

"आणि जनगणनेचा दुसरा खंड," सासूबाई म्हणाल्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा तो आवाज, घरभर पुरणारा. "तुझ्या साहेबांच्या टेबलाच्या पायाखाली आहे ना, तो."

वरची कुजबुज कोणीतरी बंद केली. खुर्च्या करकरल्या. थोड्या वेळानं साहेब खंड हातात घेऊन जिन्यावरून उतरले. त्याच्या मलपृष्ठावर टेबलाच्या पायाचा गोल ठसा उमटला होता. त्यांनी तो बाईंकडे न बघता सासूबाईंपुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "परत कधी मिळेल?"

"काय म्हणतात हे?"

बाईंनी वर पाहिलं. तळघरात पाटी नव्हती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ग्रंथालयात उभ्या जन्मात काढला नव्हता एवढा आवाज काढला. "साहेब विचारतात, खंड परत कधी मिळेल!"

"वाचून झाल्यावर. मी सावकाश वाचते."

साहेब वर गेले. जाताना वाटेत त्यांना अंग चोरावं लागलं, कारण झोपमोड झालेला एक गृहस्थ डोळे चोळत खाली येत होता. दुसरा वाचक, बाईंच्या मनात आलं.

"स्वच्छतागृह कुठे आहे हो?" त्यानं विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. उत्तर सासूबाईंनी दिलं, पुस्तकातून डोकं वर न काढता. "वर, डाव्या हाताला. पण आधी हा गटारांचा अहवाल वाचा, मग जायचं की नाही ते ठरवा."

गृहस्थानं एकदा वर जिन्याकडे पाहिलं. मग आणखी एक पायरी खाली उतरला.