दोन हातांच्या बंडीची बखर

श्रीगणेश प्रसन्न. श्रीशारदा प्रसन्न. कातणार, विणणार आणि चुकले ते उसवून पुन्हा घालणार अशा समस्त थोरांस लेखकाचा दंडवत. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एका राज्यात (नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, ज्यांस ठाऊक त्यांस ठाऊक) लोकरीच्या एका बंडीवरून केवढा प्रसंग गुदरला आणि तो कैसा निभावला, ते वर्तमान लिहितो. लेखक त्या समयी वाड्यात हजर होता, परंतु दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवून बाईसाहेबांसमोर बसविला गेला होता, सबब जागेवर टिपण करिता आले नाही. पुढील मजकूर स्मरणावरून आहे आणि तो खरा आहे. ज्यास खोटा वाटेल त्याने आधी एक मोजा टाचेसकट विणून दाखवावा, मग बोलावे.

त्या राज्यास विणण्याची हौस भारी. साळी-कोष्टी पोटासाठी विणतात, त्यांची गोष्ट निराळी. येथे जिवाचे सुख म्हणून विणीत. पहारेकरी भाला भिंतीस टेकवून कानटोप्या विणीत आणि पहारा कधी चुकला नाही, कारण विणणारास डुलकी लागत नाही. गडाचे जुने किल्लेदार सुभानजी शेडगे, वय सत्तरीचे, ते धनगरांपासून चाती फिरवावयास शिकले आणि मग तटावर चालता चालता लोकर कातू लागले, आणि म्हणत की तरवार फिरविली तेव्हा माणसे पळत, चाती फिरवितो तर जवळ येऊन बसतात, हे बरे. महाराजांच्या दोघी सुना. थोरल्या सेवंताबाईसाहेब, दोन सुयांवरचे काम त्यांनी करावे आणि जगाने पाहावे, हात असा घट्ट की टाका सुईवरून सरकविताना सुई कुरकुरे. धाकट्या हिराऊसाहेब, बंदराकडल्या, त्यांस टोपीकराच्या मडमेने लहानपणी आकड्याची एक सुई दिलेली, तीवर त्या साखळ्या आणि खांब असे भराभर घालीत की जाळीतून चंद्र दिसावा, आणि सासरी येऊन दोन सुयाही शिकल्या, परंतु हात सैल तो सैलच. थोरल्या म्हणत, "एका सुईचं ते काम का? मासे धरावेत त्यानं." धाकट्या ऐकून घेत आणि हसत, परंतु मनास लागे. थोरल्यांच्या विणण्याच्या बैठकीस आपणांस मानाने बोलवावे, एवढीच त्यांची इच्छा, ती तीन वर्षे पुरी जाहली नव्हती.

ऐशात महाराजांनी संक्रांत गडावर करावयाचे योजिले. गडावरचा वारा बोचरा आणि महाराजांची छाती नाजूक. वैद्यांनी सांगितले, अंगास लोकरीची बंडी असल्याखेरीज जाऊ नये. दोघे पुत्र मुलूखगिरीस गेलेले, तेव्हा सुनांनीच मनावर घेतले. किल्लेदारांनी कातलेली उत्तम लोकर आली आणि थोरल्यांनी वाटणी केली की पाठ आम्ही विणू, पुढची बाजू तुम्ही विणा, टाके एकशेवीस घाला, ओळी दोनशे करा, मग जोडून टाकू. हिराऊसाहेबांस आनंद जाहला, कारण जाऊबाईंनी प्रथमच काही वाटून दिले. मग दोघी आपापल्या महाली बसल्या, आणि दोघींनी एकशेवीस टाके घातले, आणि दोघींनी दोनशे ओळी केल्या, एक टाका इकडचा तिकडे जाहला नाही, आणि पौष लागताच दोन्ही बाजू सदरेवर आणून एकावर एक ठेविल्या, तो पाठ मुंजीच्या मुलास बेताची आणि पुढची बाजू हत्तीच्या माहुतास हत्तीसकट पुरेल ऐसी.

मग काय विचारता! थोरल्या म्हणाल्या, "तुम्ही टाके जास्त घातलेत." धाकट्या म्हणाल्या, "मोजा ना, अक्कासाहेब! एकशेवीसच आहेत." मोजले, एकशेवीसच भरले. थोरल्यांचे मोजले, तेही एकशेवीस. तेव्हा भांडण मिटावे ते वाढले, कारण चूक कोठे सापडेना आणि चुकल्याखेरीज ऐसे होत नाही हे सर्वांस पक्के ठाऊक. वाड्यात घट्टवाले आणि सैलवाले ऐसे दोन तट पडले, स्वयंपाकघरात दोन चुली पेटल्या, पहारेकरी एकमेकांच्या टोप्या ओढून पाहू लागले. दिवाण चिंतोपंत, ज्यांस विणकामाचा मूळचाच तिटकारा, ते समजूत घालावयास म्हणून आले आणि गादीवर बसले, आणि गादीवर थोरल्यांची सुई उभी राहिली होती. पंत जे उठले ते थेट महाराजांपुढेच जाऊन थांबले आणि म्हणाले, "सरकार, राज्य सुयांवर चालत नाही! मी बसून पाहिलंय." महाराज संतापले आणि आज्ञा जाहली की दहा दिवसांत बंडी एक न जाहल्यास राज्यातील तमाम सुया, आकडे आणि चात्या जामदारखान्यात जमा कराव्या आणि पुन्हा देऊ नयेत.

राज्यात सुतक पडल्यासारखे जाहले. सुभानजी किल्लेदारांस कळले तेव्हा ते गड उतरून आले, दोन्ही बाजू मांडीवर घेतल्या, बोटाने चाचपल्या आणि म्हणाले, "चूक नाही कुणाची. हात निराळे आहेत. माझंच सूत सकाळी बारीक निघतं आणि जेवलो की जाड निघतं, तर दोन माणसांचं एक कसं निघेल? बाईसाहेब, तुमच्या एकटीच्या बंडीत महाराजांचा श्वास कोंडेल. धाकल्या बाईसाहेब, तुमच्या बंडीत वारा शिरेल. दोन्ही उसवा आणि सुयांच्या एकाच जोडीवर या. एक ओळ यांची, एक ओळ त्यांची." उपाय सर्वांस पटला, परंतु आधी कोणी उसवावे हे ठरेना. थोरल्या म्हणाल्या, "आमच्या हातून आजवर टाका सुटला नाही. उसवायचं ते चुकलेल्यानं." धाकट्या म्हणाल्या, "मी आधी उसवलं तर चूक माझीच होती असं जन्मभर ऐकावं लागेल." बोलणे दोघींचेही रास्त, आणि रास्त बोलण्यात चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दिवाणांनी घाई करून जामदारखान्याचे शिपाई मुदतीआधीच वाड्यात पाठविले, हेतू हा की कोणी काही दडवू नये. शिपाई थोरल्यांच्या महाली आले. लेखक तेथेच, हातांत लड. हिराऊसाहेब आपण होऊन तेथे आल्या, आकड्याची सुई रेशमी चिंधीत गुंडाळून आणली, आणि शिपायास देताना म्हणाल्या, "जपून ठेव हो, बाबा. आकडा नाजूक आहे. माहेरचं एवढंच राहिलंय." आणि डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. सेवंताबाईसाहेब पाहत होत्या. त्यांचे अंबाडीच्या दोरासारखे ताठ मन त्या क्षणी कैसे जाहले ते त्यांनाच ठाऊक. आम्ही एवढेच पाहिले की त्यांनी पाठीचा तुकडा ओढून घेतला, शेवटची गाठ दातांनी तोडली आणि धागा ओढला. र्र्र ऐसा आवाज जाहला आणि दोनशे ओळींपैकी पहिली ओळ गेली. दासींनी तोंडास पदर लाविला. बाईसाहेब मान वर न करिता लेखकास म्हणाल्या, "बघतोस काय? हात पुढं कर." आणि मग धाकट्यांकडे वळून म्हणाल्या, "हिराऊ, ती सुई परत घे त्याच्याकडून. मुदत अजून संपली नाही. आणि बस इथं." धाकट्यांनी सुई घेतली, बसल्या, आणि आपलाही तुकडा उसवावयास घेतला. दोन्ही लोकरी लेखकाच्या हातांवर आल्या, सायंकाळपावेतो मनगटे सुजली. ती सूज आम्ही मानाची समजतो.

उसवलेली लोकर कुरळी निघते, ती सुभानजींनी धुवून, वजन टांगून सरळ केली. मग थोरल्यांनी टाके घातले, सुलट ओळ थोरल्यांची, उलट ओळ धाकट्यांची, सुया या हातातून त्या हातात. पहिले दोन दिवस धाकट्यांस घट्ट टाक्यांत सुई शिरविता घाम फुटे आणि थोरल्यांस सैल टाके निसटतील ही धास्ती. तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी विचारिले, "शिरते का सुई?" धाकट्या म्हणाल्या, "आज शिरली, अक्कासाहेब." पुढे बोलणे वाढत गेले, माहेरचे निघाले, हसणे निघाले. मुदतीच्या शेवटल्या दुपारी कडेचे काम राहिले तेव्हा थोरल्या म्हणाल्या, "मासे धरायची ती सुई आण पाहू," आणि स्वहस्ते साखळी घालू गेल्या, ती इतकी घट्ट की विंचवाच्या नांगीसारखी वळली. हिराऊसाहेब म्हणाल्या, "जरा सैल, अक्कासाहेब." ऐसे त्यांस कोणी आजवर म्हटले नव्हते. त्यांनी सैल केले.

महाराजांनी भरदरबारी बंडी अंगात घातली, दोन्ही हात वर केले, दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाले, "छाती मोकळी आहे आणि वारा लागत नाही." चिंतोपंत बारकाईने पाहून म्हणाले, "कोणती ओळ कोणाची, ते उमगत नाही." दोघी सुनांनी एकमेकींकडे पाहिले आणि सांगितले नाही. जप्ती रद्द जाहली. चिंतोपंतांनी मात्र बसण्याआधी गादी चाचपण्याची रीत पाडली, ती त्या दरबारी अद्याप चालते.

पुढे बारा वर्षांनी सेवंताबाईसाहेब कैलासवासी जाहल्या. महाराज आधीच गेले होते. बंडी कसरीने थोडी खाल्ली, तेव्हा हिराऊसाहेबांनी उसवून तिच्या लोकरीचे लेकास काही करावे ऐसे मनात आणिले आणि लेखकास बोलाविले. आम्ही हात पुढे केले. वरची ओळ त्यांची स्वतःची, ती सर्रकन सुटली. खालची ओळ थोरल्यांची आली आणि धागा अडला. त्यांनी ओढून पाहिले, हिसका दिला, नख लाविले, टाका हलेना. मग हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि म्हणाल्या, "राहू दे. अक्कासाहेब उठायच्या नाहीत इतक्यात."

येणेप्रमाणे वर्तमान. बंडी आजही एका ओळीने उसवलेली आहे आणि बाकी शाबूत आहे. अधिक लिहावे तर हात मोकळे नाहीत.