भाईंचा एक छेद आठ

"ताई, अस्मिताला नियम सगळे पाठ आहेत. पण खालचा आकडा मोठा दिसला की तिला तो अपूर्णांकच मोठा वाटतो. या वयात होतं तसं. सुट्टीत घरात काही कापाल तेव्हा तिच्या हातात तुकडा द्या, आपोआप सुटेल," निकालाच्या दिवशी वर्गशिक्षिका नर्मदाबाई म्हणाल्या होत्या.

विनीताने मान डोलावली आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ते विसरूनही गेली. तिसापर्यंत पाढे येणाऱ्या मुलीला तुकडे कसले दाखवायचे? कुडाळच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या विनीताचा बेत पक्का होता. मे महिन्यात अपूर्णांक आणि दशांश, जून उजाडला की शेकडेवारी, आणि शाळा सुरू व्हायच्या आत गुणोत्तर. अडचण एवढीच, की तोंडवलीच्या किनाऱ्यावर त्यांचं होम-स्टे होतं आणि मे महिन्यात सगळ्या खोल्या भरलेल्या. नवरा पर्यटकांना घेऊन होडीवर, ही चुलीपाशी. शिकवणार कधी?

तेवढ्यात सासऱ्यांची, म्हणजे भाईंची साखर वाढली. डॉक्टरांनी बजावलं, "दिवसाला एका आंब्याचा आठवा भाग. वर एक फोड नाही. नाहीतर रोज पोटात इन्सुलिनची सुई."

विनीताला एकदम सुचलं. भाईंचं पथ्य आणि मुलीचं गणित, दोन्ही एकाच आंब्यात उरकेल.

"अस्मिता, आजपासून भाईंचा आंबा तुझ्या ताब्यात. सुरी त्यांच्याकडे, हिशोब तुझ्याकडे. एक छेद आठ. उरलेला तू खा. पण चूक झाली तर भाईंना सुई!"

सुईचं नाव ऐकून अस्मिताचा चेहरा उतरला. आजोबांवर तिचा फार जीव.

मागच्या पडवीत भाई सुरी घेऊन बसले. "कितक्या फोडी करू गो बायो?"

"आठ."

भाईंनी आठ केल्या, एक खाल्ली आणि उरलेल्या सातांकडे सुटलेल्या एस.टी.कडे बघावं तसं बघत राहिले. अस्मिता मात्र काळजीत पडली. आठ! केवढा मोठा आकडा.

"भाई, आठ जास्त नाय झाले?"

भाईंची हयात जहाजावरच्या स्वयंपाकघरात गेलेली. शेकडो केक त्यांनी कापले होते. पोरीची चूक त्यांना तिथल्या तिथे कळली. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि खूप गंभीर होऊन म्हणाले, "माका पण तसांच वाटता. पण तुझी आवस शिकलेली. तिका कोण सांगतलो?"

"सांगूक कित्याक व्हयां? उद्यापासून चारच!"

"चारच?" भाईंनी तोंड पाडलं. "बरां. तुझ्यासाठी सोसतंय."

आठवड्याने बोटाला टोचून साखर बघितली, तर वर गेलेली.

"अस्मिता, आंबा बरोबर देतेस ना?"

"तू सांगितलंस त्याहून कमी देते!" ती ताठ मानेने म्हणाली.

विनीताचा ऊर भरून आला. म्हणजे दोष आंब्याचा नव्हता. तिने भाईंचा भात बंद करून नाचणीची भाकरी सुरू केली. साखर आणखी चढली. मग तिला पाहुण्यांचा संशय आला. तिने खोल्यांच्या दारांवर पाट्या लावल्या: 'आजोबांना खाऊ देऊ नये.' पुण्याहून आलेल्या एका बाईंनी पाटीसकट भाईंचा फोटो काढला.

"माका आता पिंजऱ्यात घालूचां तेवढां रवलां," भाई म्हणाले.

शेवटी विनीताने कमरेला पदर खोचला. "बस्स! उद्यापासून एक छेद सोळा!"

अस्मिता ताडकन उभी राहिली. "सोळा? आई, तुला भाईंना मारायचंय का?"

"दयामाया बाजूला ठेव. सोळा म्हणजे सोळा."

"मी नाही देणार! काय करायचं ते कर!"

आजोबांना उपाशी ठेवणं पोरीला बघवत नसेल, असं विनीताला वाटलं. इकडे अस्मिता पाय आपटत मागच्या पडवीत गेली. आई आकडा वाढवतच सुटली होती. आता भाईंना वाचवणारी घरात ती एकटीच.

"भाई, आजपासून दोन!" चार दिवसांनी तिने मन आणखी घट्ट केलं. "आता एकच. एक छेद एक."

"एकच? माझां कसां भागतलां गो?"

"सोसा!"

भाईंनी अख्खा हापूस सोलला आणि डोळे मिटून सोसला.

मालवणला दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "आता सुईला पर्याय नाही."

"नाही टोचायची!" अस्मिता टेबलासमोर आडवी आली. "डॉक्टरकाका, मी आईचं ऐकलेलं नाही. आठाचे चार केले, चाराचे दोन, आता तर एक छेद एक! त्याच्याहून लहान काय असतं?"

डॉक्टरांचं पेन हवेतच राहिलं. भाई भिंतीवरचा दातांचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागले.

विनीताच्या कानात नर्मदाबाईंचा आवाज घुमला. तिने हळूच विचारलं, "अस्मिता, उरलेला आंबा कोण खातं?"

"मीच. पहिल्या दिवशी सात फोडी उरल्या. मग तीन उरायच्या. मग एक. मग..." ती बोटं मोजत होती. मोजायला बोट राहिलं नाही तेव्हा तिचं तोंड उघडंच राहिलं. ती सावकाश आजोबांकडे वळली.

"भाईऽऽ! तुमी माझो आंबो खाल्ल्यात!"

डॉक्टरांनी हसता हसता एक महिन्याची मुदत दिली. "आठवा भाग, भाई. शेवटची संधी."

"शब्द दिलो," भाई खाली मान घालून म्हणाले.

परतीच्या वाटेवर अस्मिताने रिक्षावाल्याला तोंडवलीपर्यंत समजावून सांगितलं की सोळा हा आठापेक्षा मोठा असला तरी आंबा खायला गेलं तर कसा लहान होतो. आता ती फोडी जवळजवळ पट्टी लावून कापून घेई आणि सात आपल्याकडे ओढी. भाईंची साखर उतरली. दारांवरच्या पाट्याही उतरल्या. विनीताने मोठ्या उमेदीने दशांशाचं पुस्तक उघडलं.

आज दुपारी मात्र मागच्या पडवीतून आवाज आला.

"बायो, डॉक्टरान आठवो भाग सांगल्यान. पण कसलो, तां सांगल्यान?"

"आंब्याचो."

"आंबे सरले. आता तो कापो फणस बघ."

"त्याचे पण आठच भाग?"

"आठच. शब्द म्हणजे शब्द."

"नि सात माझे?"

"सात तुझे."

फणसावर थाप पडली. मग अस्मिताचा आवाज, "मग चलात."

विनीता पुढे पाहुण्यांच्या पंगतीत अडकली आहे. तव्यावर बांगडे आहेत, हात मसाल्याने माखले आहेत, तिला जागचं हलता येत नाही. तुम्ही त्या बाजूला असाल तर मागच्या पडवीत जरा डोकावून या. भाई बरे आहेत ना ते बघा. आणि येता येता तो फणस केवढा आहे, तेवढं तिला सांगा.