सरदार योगराज यांची फ्रेंच मोहीम आणि कुजबुजीचा किल्ला

नमन प्रथम गणरायास, दुसरे सरस्वतीस, आणि तिसरे वीजखात्यास, की ज्याच्या कृपेने त्या दिवशी सभागृहाचे दिवे गेले नाहीत. सुरत शहरी, लिंबायत प्रांती जी भारी मोहीम जाहली तिची खरी हकिकत पुढील पिढ्यांस कळावी, आणि शेजाऱ्यांनी उठविलेल्या अफवांचा बंदोबस्त व्हावा, सबब हे लेखन. मोहिमेचे सरदार योगराज भटू बोरसे आणि हे लिहिणारा कारकून, दोन्ही एकच असामी असल्याकारणे सरदारांचे शौर्य कोठे उणे पडणार नाही, याविषयी वाचणारांनी निर्धास्त असावे. पळ काढिल्याचे वर्णन मात्र संक्षेपे होईल.

घराणे मूळ खानदेशचे. तीर्थरूप राजश्री भटू आबा तरुणपणी मुलूख सोडून सुरतेस आले आणि बमरोलीच्या कारखान्यात लूम म्हणजे कापडाचा यंत्रमाग चालवू लागले, आणि मातुश्री पुष्पाबाई घरी साड्यांस टिकल्या चिकटवू लागल्या, आणि मग उभयतांनी चिरंजीवास विद्यापीठी रवाना केले. हुकूम कॉमर्सचा होता. परंतु सरदार दाखल्याच्या जागी पोहोचले तो कॉमर्सच्या रांगेस अंत नव्हता, आणि फ्रेंच व नाट्य ऐशा जोडपदवीच्या खिडकीपाशी चिटपाखरू नव्हते, मग मोकळे मैदान पाहून सरदारांनी तेथेच निशाण रोविले. पुढे या कृत्यास कलेची ओढ ऐसे नाव दिले गेले.

घरी येऊन अर्ज केला की, सुरतेचे हिरे परदेशी जातात, तिकडे फ्रेंच बोलणारास मोठी किंमत आहे. आबांनी फ्रेंच मंजूर केली. नाट्याची बाब निघाली तेव्हा त्यांनी जेवता हात थांबविला आणि पुसले की, नाटकात हिरे कोठे सापडतात? मग फर्मान सुटले की, अखेरच्या परीक्षेत दोन्ही विद्या पास कराव्या. एकीतही हार झालियास बमरोलीस येऊन आबांच्या शेजारचे लूम हाती घ्यावे, आणि पुन्हा हिरा व नाटक यांचे नाव घरात काढू नये.

अखेरची परीक्षा म्हणजे फ्रेंच नाटकातील एक प्रवेश करून दाखविणे. विभागाच्या सर्वाधिकारी दमयंतीबेन यांनी सरदारांस प्रियकराचे काम बहाल केले आणि सोनालीबाई नामे हुशार सहाध्यायिनीस प्रेयसीचे. मजकूर ऐसा की, प्रियकर रात्री खिडकीतून शिरतो, प्रेयसीचा म्हातारा बाप खुर्चीत घोरत असतो, आणि त्यास जाग न येईल ऐशा कुजबुजत्या आवाजात प्रियकराने लांबलचक निरोप घ्यावा. म्हाताऱ्याचे काम शाल पांघरलेल्या उशीकडे होते, आणि तालमीत तिने एकही चूक केली नाही.

चूक झाली ती कुजबुजीत. कारण ऐसे की, बोरसे यांचे घर एका लूमखात्याच्या माथ्यावर, आणि खाली अष्टौप्रहर खटखट. या घराण्यास आवाज दोनच ठाऊक. एक गल्लीच्या टोकास पोहोचणारा, आणि दुसरा निव्वळ ओठांचा, ज्यात आवाजच नसतो. लूमवरचे लोक यंत्राच्या गदारोळात एकमेकांचे ओठ वाचून सुखदुःखाच्या गोष्टी करितात आणि घरीही तीच चाल चालते. मधला आवाज या वंशात जन्मास आलाच नव्हता. सबब सरदार सोनालीबाईंच्या कानापाशी वाकून कुजबुजू लागले की बाई दचकून मागे सरत, आणि एकदा तर रखवालदार काठी घेऊन धावत आला. दमयंतीबेन कपाळास हात लावून म्हणत, "धीमे, भाई, धीमे! सामे मैदान नथी!" मातुश्रींचा समज जाहला की पोराचा गळा बिघडला आहे, आणि त्यांनी हळदीच्या दुधाची कुमक पाठविली, तेणेकरून आवाज आणखी खुलला.

होता होता परीक्षेचा दिवस उगवला. बडोद्याहून परीक्षक साहेब दाखल जाहले. आणि सरदारांनी पडद्याच्या फटीतून पाहिले तो पुढल्या रांगेत खासा आबा, इस्त्रीचा सदरा घालून, मातुश्रींसह विराजमान. निकाल कागदावर नको, आपल्या डोळ्यांनी पाहीन, ऐसा त्यांचा मनसुबा. ते पाहून सरदारांनी पडद्याची फट दोन्ही हातांनी बंद केली.

पडदा उघडला. सरदार खिडकीतून उतरले, एक पाय पडद्यात अडकला, तो सोडविला, उशी घोरत असल्याचा अंदाज घेतला, आणि निरोप आरंभिला. पहिले वाक्य बरे गेले, दुसरे तितकेसे नाही, आणि मग अवघी फ्रेंच भाषा एकाएकी तळ उठवून कोठे निघून गेली ते कळले नाही. सोनालीबाई डोळ्यांनी इशारत करू लागल्या. सरदारांची मान आपोआप आबांकडे वळली, आणि जन्माच्या सवयीने ओठ हलले, आवाजाविना: आबा, मी इसरी गऊ, म्हणजे विसरून गेलो.

सभेस वाटले, काय ही नाजूक कुजबूज! परीक्षक साहेब खुर्चीत पुढे सरले. परंतु आबांनी ओठ वाचिले, आणि ठिकाणाचे भान न राहता उभे राहून लूमवरल्या आवाजात गर्जले, "बोल ना रे भो! भिऊ नको, मी शे ना आठे!"

बापाने मी येथे आहे ऐसे म्हणताच छत हादरले. सरदार जागीच थिजले. परंतु सोनालीबाई रणधुरंधर, त्यांनी तत्क्षणी उशीकडे पाहून "पापा!" ऐसी किंकाळी फोडिली, म्हातारा जागा झाल्याची बतावणी केली, आणि सरदारांच्या दंडास धरून खिडकीतून बाहेर ओढिले. मात्र आबांचा शब्द कानी पडताच गेलेली फ्रेंच परत आली, आणि सरदारांनी खिडकीत डोके घालून उरलेला निरोप एका दमात पुरा केला. यास कोणी पळ काढिला म्हणेल. आम्ही माघारी लढाई म्हणतो.

परीक्षक साहेबांनी पुसले की, बापाचा आवाज सभेतून आणण्याची युक्ती कोणाची? दमयंतीबेन डोळा न लववता वदल्या की विभागाचीच. मग नाट्यात गुण उत्तम पडले, आणि फ्रेंचमध्ये काठावर, परंतु काठाच्या अलीकडे. फर्मानाची अट पुरी जाहली. घरी परतताना आबा झपाझप पुढेच चालत राहिले, आणि सरदारांस ते फार जड गेले.

दुसरे दिवशी मातुश्रींनी डबा देऊन सरदारांस बमरोलीस पाठविले. कारखान्यात यंत्रांचा कहर, कानास काही ऐकू येईना. आबा धाग्यावरून नजर काढून समोरच्या लूमवरल्या सुकलाल काकांशी ओठांनी बोलत होते. सरदार बाजूच्या दारात उभे होते, हे त्यांस ठाऊक नव्हते. सरदारांनी वाचिले ते असे: "एवढी मोठी सभा व्हती, पन पोरगा एक शब्दबी इसरना नही."

सरदार डबा घेऊन तेथेच उभे राहिले, आणि त्यांस रडू आले. येणेप्रमाणे कुजबुजीचा किल्ला सर जाहला, तो आबांनी केला, आणि सरदार त्यात फक्त हजर होते. बहुत काय लिहिणे. हा मजकूर ओठांवरून उतरून घेतला असे. आवाजाची साक्ष मागू नये.