राखणदाराचा राखणदार

जो दुसऱ्याची राखण करतो, त्याचीही राखण कुणीतरी करावी लागते. आणि त्या कुणातरीचीही. वृक्षवाढ विभागाचा सगळा डोलारा या सत्यावर उभा होता.

विभागाच्या साहेबांच्या सासूबाईंचं शेत रस्त्याला लागून होतं. पश्चिमेच्या वाऱ्यापासून ते वाचावं म्हणून साहेबांनी बांधावर सुरूच्या झाडांची रांग लावून दिली. पूर्वी अशी रांग बघता बघता घराच्या छपरावरून डोकावायची. आता उन्हाळा मुक्कामाला आला, पाऊस उंबऱ्यावरूनच परत जाऊ लागला, आणि सुरू गुडघ्याशी येऊन थांबले. साहेबांनी पाहणी केली. निष्कर्ष : झाडांना ऊन लागतं, वारा लागतो. उपाय : झाडांच्या रक्षणासाठी झाडं.

दुसरी रांग पहिलीच्या आत लागली (बाहेर रस्ता होता, आणि रस्ता दुसऱ्या विभागाचा). तीही खुरटली. मग तिसरी. सातव्या रांगेपर्यंत झाडं सातपट झाली, उंची गुडघ्याएवढीच राहिली. साहेबांनी सगळ्यांच्या उंचीची बेरीज केली. वाढ समाधानकारक भरली.

सासूबाईंना पेरायला खाटेएवढी जमीन उरली. तिथे भोपळ्याचा वेल लावून त्या गुणगुणायच्या, “रांगेमागं रांग, रांगेमागं रांग, माझ्या पेरणीला जागा कुठं सांग.”

“जावईबापू, या तुकड्याला आता कुणापासून राखायचं?”

“वाऱ्यापासून, आई.”

“असं होय. मला वाटलं तुमच्यापासून.”

साहेबांनी सूचनेची नोंद घेतली.

“पण वारा तर रस्त्यापलीकडून येतो,” त्या म्हणाल्या. “मग पुढची रांग पलीकडेच नको का?”

साहेब दिपले. पलीकडे त्यांचंच कार्यालय होतं. पण नियम तो नियम. आठवी रांग व्हरांड्यातून आत शिरली आणि साहेबांच्या टेबलाला खेटून गेली. तिथे, एसीच्या गारव्यात, एक रोप चक्क छताला टेकलं. विभागाच्या इतिहासातली ही पहिली वाढ. साहेबांचे डोळे पाणावले. (ते पाणी रोपाला उपयोगी पडलं.)

झाडं बाहेर लावणं हीच मूळ चूक, असं ठरलं. सातही रांगा उपटून आत आणल्या, आणि त्यांच्यासाठी आणखी एसी.

शेत मोकळं झालं. सासूबाईंनी हरखून पेरणी केली. कोंब वर आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि रस्त्यापलीकडून येणाऱ्या एसींच्या गरम झोताने माना टाकल्या.

“आई, शेताला आडोसा हवा,” साहेब कळवळून म्हणाले.

नववी रांग त्याच दिवशी मंजूर झाली. मात्र कार्यालयात आता पाय ठेवायला जागा नाही, म्हणून इतर गार खोल्या बघणं चालू आहे.

तेव्हा हसून झालं असेल तर जरा सरकून बसा. एसी राहू द्या चालू, झाडाला लागतो.