पंधरा बाइटांचे साहेब

"अहो साहेब, एका ओळीचं काम आहे!" खटपट्या छाती फुगवून म्हणाला आणि साहेबांनी विश्वास ठेवला. इथेच सगळं बिनसलं!

खटपट्या म्हणजे पाणीपुरवठा कचेरीतला प्रोग्रॅमर. सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी पडद्यावर दिसते, त्यात याचे सगळेच्या सगळे प्रोग्रॅम 'टेस्ट' या एकाच नावाने नांदायचे. कोणता ठेवायचा, कोणता बंद करायचा, कळायला मार्ग नाही! आज तर मोठ्या कचेरीतल्या मॅडम वर्षाचा अहवाल न्यायला येणार होत्या. तो तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी हात लावू नये, म्हणून खटपट्याने त्यात सी भाषेतली एक ओळ घुसडली. सुरू झाल्याबरोबर प्रोग्रॅमने स्वतःचं दिसणारं नाव बदलायचं आणि 'साहेबांचा अहवाल' व्हायचं. मग बघू, कोणाची छाती होते!

प्रोग्रॅम सुरू केला आणि यादीकडे ढुंकूनही न बघता स्वारी साहेबांच्या केबिनमध्ये मॅडमसमोर जाऊन बसली.

तिकडे सर्व्हर सांभाळायला होता खटपट्याचा मेहुणा. कामाला वाघ, पण आवाज असा की फोन केला तरी भिंतीतून आधी ऐकू यावा! केबिनमधला फोन वाजला. साहेबांच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी. त्यांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं.

"दाजी आहेत का तिथे? दाजी, साहेब झोपलेत!"

साहेब खाडकन ताठ झाले. मॅडमनी कप खाली ठेवला.

"कोण झोपलंय?" खटपट्याला घाम फुटला.

"साहेब हो! मघापासून बघतोय. स्वतः काडीचं काम करत नाहीत आणि जागा अडवलीय हत्तीएवढी!"

"अरे, हळू बोल!"

"त्यात सात पोरं काढून ठेवलीत! ती बिचारी मरमर राबतायत!"

साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई कान टवकारून जागीच थबकला.

"सात?" मॅडम पुटपुटल्या.

"त्यातली तीन मेली, दाजी! पण बापाने साधी दखल घेतलेली नाही. मारू का साहेबांना?"

आता कुठे खटपट्याच्या डोक्यात उजेड पडला. तो टेबलावरून फोनवर झेपावला. "मारू नकोस! अरे, तो माझा प्रो..."

"मारलं!" मेहुण्याचा आवाज आनंदाने घुमला. "साहेब गेले! पोरं तेवढी अनाथ झाली."

शिपाई ट्रे तिथेच ठेवून बाहेर पळाला.

मग खटपट्याने हात जोडून उलगडा केला. प्रोग्रॅमच्या नावाला यादीत जागा मिळते जेमतेम पंधरा बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या अक्षराला तीन लागतात आणि काना-मात्रेला आणखी तीन! 'साहेबांचा अहवाल' शिरायला गेला आणि 'साहेब' एवढेच आत मावले. मोठं काम वाटून द्यायला प्रोग्रॅम छोटे प्रोग्रॅम, म्हणजे पोरं, काढतो, पोरं राबेपर्यंत बाप झोपतो, आणि काम संपलेलं पोर बाप दखल घेईपर्यंत यादीत मेलेलं दिसतं. प्रोग्रॅम बंद करणं म्हणजे त्याला 'मारणं'!

"म्हणजे अगदी कचेरीसारखंच," मॅडम म्हणाल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. साहेब हसले नाहीत.

खटपट्याने नाव नुसतं 'अहवाल' ठेवलं. बरोब्बर पंधरा बाइट! मॅडम संध्याकाळी अहवाल घेऊन गेल्या. खटपट्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण शिपायाचं तोंड कोण बंद करणार? सात पोरांची आणि झोपलेल्या बापाची बातमी रातोरात साहेबांच्या गावी पोचली. सकाळी साहेबांनी खटपट्यापुढे फोन आदळला. "माझी आई आहे. तूच निस्तर!"

"आजी," खटपट्या अजीजीने म्हणाला, "ती खरी पोरं नाहीत हो. प्रोग्रॅमची आहेत."

"ते असू दे. त्यांची आई कोण, ते सांग आधी!"

"अहो, त्यांना आई नसतेच. फक्त बाप असतो."

आजी फोनवरच हळहळल्या.

"अगं बाई! आणि तो तर झोपलेला! मग लेकरांकडे बघतंय कोण? थांब, मी आजच निघते!"